बॉनेटखालची टकटक

गौरी-गणपतीला पंधरा दिवस गावी होतो. गाडी इकडे इमारतीखाली उभी. परत आल्यावर सेल्फ मारला, तर इंजिन ढिम्म आणि बॉनेटखालून नुसती टकटकटकटक, सुतारपक्षी लाकडावर चोच मारतो तशी. शेजारचे काका गॅलरीतूनच म्हणाले, “बॅटरी गेली. नवी टाका.”

पण त्या टकटकीत काय काय घडत असतं हे एकदा कळलं, की बॅटरी बदलण्याआधी तिला कान द्यावासा वाटतो.

सेल्फच्या मोटरच्या पाठीवर एक छोटा डबा असतो. त्याला सोलेनॉइड म्हणतात. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि मधोमध लोखंडी दांडा. किल्ली फिरवली की गुंडाळीत थोडासा प्रवाह जातो, तिचं चुंबक होतं आणि दांडा सर्रकन आत ओढला जातो. या एका हालचालीत दोन कामं होतात. नऊ-दहा दात्यांचं लहानसं चाक पुढे सरकून इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या शंभराहून जास्त दात्यांत अडकतं, आणि मागे तांब्याचे दोन जाड काँटॅक्ट जोडले जातात. दांडा जाऊन बसतो त्याचा आवाज म्हणजे ‘टक्’.

काँटॅक्ट जोडले की मोटर बॅटरीकडे शे-दीडशे अँपिअर मागते. घरचा दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअरवर चालतो, यावरून अंदाज यावा. अशक्त बॅटरी या मागणीसरशी कोसळते. व्होल्टेज इतकं पडतं, की दांडा धरून ठेवण्याइतकंही बळ चुंबकात उरत नाही. स्प्रिंग दांड्याला मागे ढकलते, काँटॅक्ट सुटतात, मोटरचा भार जातो. भार जाताच व्होल्टेज पुन्हा चढतं आणि दांडा पुन्हा आत. टक्, टक्, टक्. जुन्या विजेच्या घंटेचं तत्त्व हेच होतं. प्रत्येक ‘टक्’ म्हणजे गाडी सुरू करण्याचा एक पुरा प्रयत्न.

मुळात हे व्होल्टेज येतं कुठून, ते तर याहून अद्भुत आहे. बॅटरीतल्या शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे केंद्रालगतचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे ६० टक्के वेगाने धावतात, आणि अशा वेगाला आइन्स्टाइनची सापेक्षता बाजूला ठेवून चालत नाही. राजीव आहुजा, पेक्का प्युक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली गणिताने दाखवलं, की शिशाच्या बॅटरीतल्या एका सेलच्या सुमारे २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट सापेक्षतेच्या परिणामातून येतात. असे सहा सेल मिळून आपली १२ व्होल्टची बॅटरी होते. सकाळी गाडी सुरू होते त्यात आइन्स्टाइनचाही हात असतो!

आता आवाजावरून निदान. हेडलाइट लावून सेल्फ मारा. भराभर टकटक झाली आणि दिवे मिणमिणले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी कच्ची आहे. एकच ठसठशीत ‘टक्’ आला आणि दिवे लख्ख राहिले, तर बॅटरीला दोष देऊ नका. सोलेनॉइडचे काँटॅक्ट जळले असतील किंवा मोटरचे कार्बन झिजले असतील. ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं.

माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं, तर टर्मिनलवर पांढरट-निळ्या भुकटीचा थर. नुसते हेडलाइट लावले तर ते झकास लागत होते! मग सेल्फनेच काय घोडं मारलं? समजा, त्या थराचा रोध ओहमचा फक्त विसावा भाग आहे. दोन हेडलाइट नऊएक अँपिअर घेतात, त्यात अर्धा व्होल्टही वाया जात नाही. पण सेल्फने १५० अँपिअर ओढायचे म्हटले, की त्याच थराला साडेसात व्होल्ट लागतात. मोटरसाठी उरणार काय?

दहा नंबरचा पाना घेतला. आधी निगेटिव्ह सोडवला, मग पॉझिटिव्ह, कारण उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून तो टर्मिनलवर ओतला. भुकटी फसफसून विरघळली. ब्रशने घासून, कोरडं करून आधी पॉझिटिव्ह आवळला, शेवटी निगेटिव्ह. सेल्फ मारला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू!

बॅटरी खरंच उतरली असेल, तर दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावा. मात्र काळ्या केबलचं शेवटचं टोक बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला. आणि सेल्फ पाच-दहा सेकंदांहून जास्त दाबून धरू नका. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये हे यंत्र आणणाऱ्या चार्ल्स केटरिंग यांची युक्तीच ती होती: काम क्षणभराचं असेल, तर लहान मोटरवरही मोठा भार टाकता येतो. फक्त क्षणभरच.

तेव्हा पुढच्या वेळी टकटक ऐकू आली, की घाईने नवी बॅटरी घेऊ नका. आधी कान द्या, मग दिवे बघा, मग टर्मिनल घासा. अनेकदा मूठभर सोड्यात काम होतं.