बैठक की खुर्ची?

दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच पुण्यातल्या काही घरांतून एका जुन्या वादाला तोंड फुटते. डिसेंबरातल्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जायचे हे ठरलेलेच असते. वाद असतो तो तिकिटाचा. भारतीय बैठकीचे काढायचे, की खुर्चीचे? तरुणांच्या घरी हा प्रश्न पैशांचा असतो, कारण बैठकीचे तिकीट पुष्कळ स्वस्त. ज्या घरातल्या रसिकाने सत्तरी ओलांडली आहे तिथे मात्र तो गुडघ्यांचा असतो. आणि गुडघ्यांचा प्रश्न, वाचकहो, पैशांपेक्षा नाजूक! पैसे नाहीत हे माणूस एक वेळ कबूल करील. मांडी घालता येत नाही हे कबूल करायला त्याला दोन-तीन वर्षे लागतात.

आमच्या घरी ती माझ्या मामाला लागली. त्याचे वय आज सत्त्याहत्तर. १९९५ साली, मी अकरावीत असताना, त्यानेच मला पहिल्यांदा सवाईला नेले. मुलीने रात्रभर बाहेर राहायचे म्हणजे वडिलांची परवानगी हवी. ती मिळाली, कारण बरोबर मामा होता. त्या वेळी तो जेवढ्या वयाचा होता तेवढी मी आज आहे. त्यामुळे त्याच्या गुडघ्यांकडे मी अलीकडे जरा निराळ्या नजरेने पाहते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडा इतिहास. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, हे अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य आणि गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, भीमसेन जोशी यांचे गुरू. १९५२ साली ते गेले आणि दुसऱ्याच वर्षी भीमसेनांनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवते. पुष्कळ वर्षे तो शनिवार पेठेतल्या रमणबाग शाळेच्या मैदानावर होत असे. २०११ च्या जानेवारीत भीमसेन गेले, आणि उत्सवाच्या नावात गुरूशेजारी शिष्याचेही नाव आले. २०१८ पासून तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो. करोनामुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे मात्र तो झालाच नाही.

रमणबागेतल्या त्या रात्रींचे वर्णन मी वर्गात अनेकदा केले आहे आणि मुलांनी ते दंतकथेसारखे ऐकले आहे. सतरंजीवर सतरंजी, मफलर, कानटोप्या, पायांवर घरची गोधडी. पुण्याची डिसेंबरातली थंडी; पारा दहा-बारा अंशांवर यायचा. मध्यरात्री कांदाभजी आणि चहा. दोन-अडीचच्या सुमारास निम्मा मांडव पेंगत असे, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. कधी डुलकीतून जाग यावी तो व्यासपीठावर ललत सुरू झालेला असावा. अंगावर काटा आला तो थंडीने की दोन मध्यमांनी, हे सांगणे कठीण. उजाडता उजाडता आम्ही लक्ष्मी रस्त्याने पायी घरी येत असू. मामा एक शब्द बोलत नसे. घरी आल्यावर म्हणायचा, "आता दोन दिवस मला कोणी रेडिओ लावून दाखवू नका."

ते आता नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, त्यांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी घातली, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर शिक्कामोर्तब केले. वर्षातल्या ठराविक दिवशी राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते, एवढेच. तेव्हापासून उत्सव दुपारीच सुरू होतो आणि एरवी दहाला संपतो. याबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची हळहळ खोटी नाही. दरबारी, मालकंस, ललत, भटियार ही सारी मंडळी एकदम बेघर झाली. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुलतानी, भीमपलास, पटदीप, मधुवंती हे दुपारचे राग पूर्वी रात्रीच्या मैफलीत कोण ऐकवणार? आता ते थेट दारातच भेटतात. आणि सत्तरीच्या माणसाला रात्रभर जागवणे कोणत्याच डॉक्टरला मान्य नव्हते. कायद्याने डॉक्टरांचे काम परभारे केले. मामा हे मान्य करतो, पण सावकाश, आणि माझी आई समोर नसताना.

आता मूळ मुद्द्यावर येते. बैठकीचे आकर्षण नुसते स्वस्ताईचे नाही. जमिनीवर बसलेला श्रोता सरकू शकतो, कलंडू शकतो, शेजाऱ्याला टेकू शकतो. समेवर हात पडतो तो शेजारच्या अनोळखी गृहस्थाच्या गुडघ्यावर, आणि ते गृहस्थ रागावत नाहीत, कारण त्यांचाही हात कुणाच्या तरी गुडघ्यावर पडलेला असतो. खुर्चीला हात असतात आणि ते मधे येतात. मामाचे म्हणणे असे की खुर्चीत बसून गाणे ऐकता येते, गाण्यात बसता येत नाही.

पण झिजलेल्या गुडघ्याला हे तत्त्वज्ञान कळत नाही. मांडी घातली की गुडघा पूर्ण मिटतो, आणि संधिवाताच्या माणसाला दीर्घकाळ तसे बसू नका असे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात ते याचसाठी. खरी कसोटी तर बसण्याची नसतेच, उठण्याची असते. तीन वर्षांपूर्वी एका गायकाने विलंबित संपवून द्रुत धरले, आणि मामाला त्याच वेळी बाहेर जाणे भाग पडले. दोन तरुणांनी त्याला बगलेत हात घालून उभे केले. फार प्रेमाने केले, "आजोबा, सावकाश," असेही म्हणाले. ते 'आजोबा' त्याला गुडघ्यापेक्षा अधिक लागले.

पुढच्या वर्षी तोडगा म्हणून आम्ही घडीची, पाठ असलेली, जमिनीवर ठेवायची बैठक आणली. पाठीला तिने आराम दिला. गुडघ्याला ती काय देणार? मग गेल्या वर्षी खुर्ची. मी कडेची निवडली, कारण मधल्या खुर्चीवरून स्वच्छतागृहाकडे जायचे तर वीस माणसांची क्षमा मागावी लागते. वयस्क श्रोत्यांपैकी पुष्कळजण या भीतीने दुपारपासून पाणीच पीत नाहीत. हे मला मुळीच पसंत नाही. पाणी प्यावे, कडेला बसावे, आणि दोन कलावंतांच्या मधल्या वेळात न लाजता उठून चार पावले चालावे. पाय लोंबकळत ठेवून पाच-सहा तास बसले की घोट्यांना सूज येते. लहानसे पायपुसणे गुंडाळून पायांखाली घेतले तरी पुष्कळ फरक पडतो. मधुमेह्याने भज्यांच्या रांगेवर भरवसा ठेवू नये, घरचा डबा ठेवावा, आणि इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात साखरेच्या चार गोळ्या. शालीविषयी पुणेकरांना सांगायला नको.

गुडघ्यांचे एवढे बोलतो आपण, पण श्रोत्याचे खरे इंद्रिय कान, आणि त्याचे म्हातारपण कोणाच्या लक्षात येत नाही. वयाबरोबर कान आधी उंच कंपनांचे आवाज गमावतो. गायकाचा षड्ज ऐकू येतो, ठेका ऐकू येतो. हरवते ती तंबोऱ्याची जवार, तारेतून उठणारी ती बारीक झिलई. बंदिशीतली 'स', 'त', 'ख' ही व्यंजने पुसट होतात. मामा दोन-तीन वर्षे तक्रार करीत होता, "हल्ली तंबोरे लावतच नाहीत नीट. सगळे यंत्रावर सोपवले." तंबोरे लागलेले होते. मला ते स्पष्ट ऐकू येत होते, आणि मी त्याला तसे सांगितले नाही.

कानाच्या डॉक्टरांनी ते सांगितले. श्रवणयंत्र आले. ते बोलणे कळावे म्हणून बनवलेले असते. मोठा आवाज ते दाबते, लहान आवाज उचलते, आणि गाण्यातला चढउतार, ज्यासाठी गायकाने जन्म घातला, तोच सपाट करून टाकते. काही यंत्रांत सूर दुणावल्यासारखे होतात. यावर उपाय आहे, आणि तो ज्येष्ठ रसिकांनी आवर्जून विचारून घ्यावा: पुष्कळ यंत्रांत संगीतासाठी निराळी जुळणी करून मिळते. आणि एक साधी गोष्ट: ध्वनिक्षेपकाच्या खोक्यासमोर बसू नये. कमी ऐकू येते म्हणून तिथे बसणारे पुष्कळ असतात. त्यांचा उरलेला कानही त्यात जातो.

पाचही दिवस जाण्याचा हट्ट मामाने आता सोडला आहे. कार्यक्रमपत्रिका आली की तो पेन्सिल घेऊन बसतो. रोज दोनच नावांखाली रेघ. मी विचारले, "मामा, नव्या मुलांची नावे का रे इतकी? तुझे आवडते सोडलेस की!" तो म्हणाला, "त्यांचे सारे माझ्यापाशी आहे गं. यांचे मला ठाऊक नाही, आणि पुढे ऐकायला मिळेलच असे नाही." नंतर त्याने पेन्सिलीचे टोक तासले.

उत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकेने होते. गेल्या वर्षी शेवटच्या रात्री आम्ही कडेच्या खुर्च्यांवर होतो. जुन्या काळच्या त्या तबकड्यांत उंच कंपने मुळात फारशी उतरतच नसत. जो आवाज आत गेला तो मधल्या पट्टीतला. मामाने यंत्र काढून खिशात टाकले आणि डोळे मिटले. भैरवी संपली तेव्हा पलीकडच्या खुर्चीवरचा मुलगा, असेल विशीचा, हळूच म्हणाला, "आवाज काय आहे! पण खरखर फार आहे, नाही?"

"खरखर?" मामा म्हणाला. "कुठे रे? मला तर अगदी स्वच्छ ऐकू आले."