अंगणातली प्रयोगशाळा

एक सोपा प्रयोग करून पाहा. काचेचे दोन अगदी सारखे पेले घ्या आणि दोन्हींत सारखेच पाणी ओता. शेजारच्या चार-साडेचार वर्षांच्या मुलाला विचारा, "दोन्हींत पाणी सारखंच आहे ना?" ते 'हो' म्हणेल. आता त्याच्यादेखत एका पेल्यातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओता आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. बहुधा ते उंच पेल्याकडे बोट दाखवून म्हणेल, "ह्यात जास्त!"

तुम्हाला हसू येईल. पाण्याचे घनफळ म्हणजे तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची, हे तुम्ही शिकला आहात. पहिल्या पेल्याचा आतला व्यास ८ सेंटिमीटर आणि दुसऱ्याचा ४ सेंटिमीटर असेल, तर तळाचे क्षेत्रफळ चौथाई होते. म्हणून पहिल्यात ४ सेंटिमीटर उंच असलेले पाणी दुसऱ्यात १६ सेंटिमीटरपर्यंत चढते. लहान मूल उंची तेवढी पाहते. रुंदी कमी झाली, हे एकाच वेळी ध्यानात घेणे त्याला जमत नाही. सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास बहुतेक मुलांना ते जमू लागते.

हा प्रयोग प्रसिद्ध केला तो स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी. ते मूळचे प्राणिशास्त्राचे अभ्यासक. गोगलगायींसारख्या मृदुकाय प्राण्यांवर काम करून त्यांनी १९१८ साली डॉक्टरेट मिळवली. निरीक्षणाची तीच सवय त्यांनी पुढे मुलांच्या विचारांकडे वळवली. मुलाचे चुकलेले उत्तर म्हणजे नुसता गोंधळ नव्हे, त्यामागे त्याचा स्वतःचा तर्क असतो, हे त्यांनी दाखवून दिले.

मोजणाराही मोजमापात येतो

पण गोष्ट येथे संपत नाही. चमचाभर गरम पाण्यात थंड तापमापी बुडवली तर काय होईल? तापमापी थोडी उष्णता स्वतःच घेईल आणि पाण्याचे तापमान उतरेल. मोजायला गेलो आणि मोजायची गोष्टच बदलली! मुलांच्या बाबतीतही असेच घडते.

पाण्यासारखाच प्रयोग सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडूनही करतात. एक रांग पसरून लांब केली की लहान मुले तिच्यात सोंगट्या जास्त आहेत असे म्हणतात. १९७० नंतरच्या दशकात एडिंबरो विद्यापीठातील जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी यात एक गंमत केली. रांग मोठ्या माणसाने न पसरता एका 'खोडकर' खेळण्यातल्या अस्वलाने विस्कटली, असे दाखवले. आता बरीच जास्त मुले बरोबर उत्तर देऊ लागली! मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला वाटते, आपले उत्तरही बदलायला हवे. म्हणजे काही चुका मुलाच्या नसून विचारणाऱ्याच्या पद्धतीच्या होत्या.

आता शहापूर-मुरबाडकडे या. किन्हवलीच्या परिसरातील पाड्यांवर ठाकर, कातकरी मुले घरी आपापली बोली बोलतात. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. अशा मुलाला पुस्तकी मराठीत प्रश्न विचारला आणि ते गप्प राहिले, तर 'याला काही येत नाही' असा शेरा मारणे सोपे आहे. पण तो दोष तापमापीचा की पाण्याचा, हे आधी तपासायला नको काय? चुकीचा शेरा पहिलीच्या वर्गापासून मुलाला चिकटला, तर त्याची किंमत ते जन्मभर मोजते.

टेकडीवरचा प्रयोग

हा विचार आपल्या भागात फार पूर्वी झाला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबादच्या टेकडीवर गेले. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शंखशिंपले वापरले. मुलाला ओळखीच्या वस्तू दिल्या की ते मोजते, निवडते, जुळवते. तापमापी बदलली, उत्तरही बदलले! पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला.

विद्यापीठ आणि पूर्वतयारीचे वर्ष

मेंदूची वाढ पाहिली तर या वयाचे महत्त्व पटते. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचे आकारमान प्रौढाच्या सुमारे नऊ दशांश होते. म्हणूनच शैशवाचा अभ्यास हा विद्यापीठाचा विषय झाला. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि मुंबईचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ येथे बालविकास, मानवविकास हे विषय पदवीला शिकवले गेले.

पण ज्या ताईला मुले उत्तम कळतात आणि जिचे शिक्षण मध्येच सुटले, तिने काय करावे? इंग्लंडमधील कित्येक विद्यापीठांत अशांसाठी पदवीच्या तीन वर्षांआधी एक पायाभूत वर्ष असते. आपल्याकडे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम आखला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा, तर त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला आहे. ज्याची तयारी कमी, त्याला वेळ जास्त. दार मात्र बंद नाही.

अशा वर्षात काय शिकावे? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, शरीरशास्त्राची ओळख. दुसरी, आलेख. अंगणवाडीतला वाढीचा तक्ता म्हणजे वय आणि वजन यांचा आलेखच. त्यावरील एका बिंदूपेक्षा रेषेचा कल अधिक सांगतो: वय वाढते आहे आणि रेषा आडवी झाली, तर मूल अशक्त दिसण्याआधीच धोका कळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली जाहीर केलेली वाढीची प्रमाणे भारतासह सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांवरून काढली आहेत. योग्य आहार आणि काळजी मिळाली की या सर्व देशांतली लहान मुले जवळजवळ सारखीच वाढतात, असे त्यात आढळले. तिसरी आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे निरीक्षणाची नोंद. 'मूल हट्टी आहे' हा झाला निष्कर्ष. 'मुलाने तीन वेळा ठोकळा परत मागितला' ही नोंद. निष्कर्षाआधी नोंद, हा नियम प्रयोगशाळेत आहे, तोच अंगणातही आहे.

तेव्हा पेल्यांचा प्रयोग कराल तेव्हा मुलाला 'चुकलास' म्हणू नका. "तुला असं का वाटतं?" एवढेच त्याच्या बोलीत विचारा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. तीन-चार महिन्यांनी पुन्हा विचारा. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहिल्यात, की एका वाढत्या मनाचे दोन बिंदू तुमच्या आलेखावर आले असे समजा.