लायपोसक्शननंतरचा पट्टा : घट्ट किती आणि दिवस किती?

गणेशोत्सवात आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत एका परिचित बाईंनी मला हळूच बाजूला घेतले. "ताई, तुम्ही नर्स आहात म्हणून विचारते, कुठे बोलू नका. पोटाचे लायपोसक्शन होऊन बारा दिवस झाले. पट्टा इतका काचतो की धड बसवत नाही. पण सैल केला तर सगळे वाया जाईल ना?" चौकशी केली तेव्हा कळले की सर्जनने दिलेला पट्टा त्यांना पुरेसा घट्ट वाटला नाही, म्हणून दोन साइज लहान पट्टा त्यांनी स्वतःच मागवला होता. शिवाय पुण्याहून आईने फोनवर सांगितले होते, "बाळंतपणात बांधतात तसे करकचून बांध."

आईची माया समजते. आपल्याकडे बाळंतिणीचे पोट जुन्या सुती साडीने बांधायची पद्धत आहेच. परंतु लायपोसक्शननंतरचा पट्टा ही निराळी गोष्ट आहे, आणि तो जितका घट्ट तितका चांगला हा समज केवळ चुकीचा नाही, प्रसंगी धोक्याचा आहे. म्हणून हा लेख. ही शस्त्रक्रिया करावी की नाही, या वादात मी शिरत नाही. ती वजन कमी करण्याचा उपाय नव्हे, एवढेच सांगून पुढे जाते.

आज बहुतेक ठिकाणी लायपोसक्शन करताना चरबीच्या थरात आधी मिठाचे पाणी भरतात. त्यात भूल देणारे लिडोकेन आणि रक्तस्राव कमी करणारे अ‍ॅड्रेनलिन मिसळलेले असते. कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जेफ्री क्लाइन यांनी ही पद्धत १९८७ साली प्रसिद्ध केली. मग बारीक नळीने चरबी ओढून घेतात. त्यानंतर कातडीखाली राहतो तो थर मधाच्या पोळ्यासारखा, बोगद्याबोगद्यांचा असतो. भरलेले बरेचसे पाणी अजून आतच असते, त्यात थोडे रक्त आणि शरीराचा स्वतःचा द्रव मिसळतो. काही नळीच्या छिद्रांतून बाहेर गळते, उरलेले शरीर हळूहळू शोषून घेते. पट्ट्याचे काम हे की सर्व बाजूंनी सारखा दाब देऊन हा द्रव निघून जायला मदत करायची, कातडी खालच्या थराला टेकवून ठेवायची आणि मधल्या पोकळीत पाणी साचू द्यायचे नाही. असे पाणी साचले तर त्याला सेरोमा म्हणतात. कधी कधी ते सुईने काढावे लागते. दाबामुळे सूज आणि काळेनिळेपणा आटोक्यात राहतो, हालचाल करताना आधारही वाटतो. पट्ट्याने चरबी वितळत नाही. कातडी किती आवळली जाईल हे मुख्यतः तिच्या लवचिकपणावर आणि वयावर ठरते, पट्ट्यावर नव्हे.

यातला महत्त्वाचा शब्द 'सारखा'. लहान पट्टा पोटावर सपाट बसत नाही. बसले की कमरेशी त्याची वळी पडते आणि त्या एका रेघेवर सगळा दाब येतो. तिथे फोड येऊ शकतात, खोलगट खूण राहू शकते, फारच झाले तर कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. त्याहून गंभीर म्हणजे, पोट करकचून आवळले की पायांकडून हृदयाकडे परतणारे रक्त अडते. शस्त्रक्रियेनंतर आधीच हालचाल कमी, त्यात हे. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्यास एवढे निमित्त पुरते. एकच पोटरी सुजली, दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धाप लागली, छातीत दुखले, तर वाट न पाहता ९११ ला फोन करावा. सैल करून पाहू, उद्या बघू, असे म्हणू नये.

पट्टा अंगाला घट्ट बसावा, पण दीर्घ श्वास घेता यावा, चार घास जेवता यावे, पायाला मुंग्या येऊ नयेत. आणि साडी नेसणाऱ्यांसाठी एक सूचना, जी इथला कोणी सर्जन देणार नाही : परकराची नाडी पट्ट्यावर आवळून बांधू नका. ती नेमकी तीच रेघ तयार करते. त्या काळात सलवार-कमीज किंवा गाउन बरा, पण सलवारीची नाडीसुद्धा सैलच.

किती दिवस घालायचा, याला एकच उत्तर नाही. पुष्कळ सर्जन सुरुवातीचे काही आठवडे अंघोळीची वेळ सोडून रात्रंदिवस आणि नंतर काही तास, असे मिळून चार ते सहा आठवडे सांगतात. काही जण छिद्रे मुद्दाम उघडी ठेवून पाणी वाहू देतात आणि गळणे थांबले की थोड्याच दिवसांत पट्टा सोडायला सांगतात. तेव्हा मैत्रिणीचा हिशेब आपल्याला लावू नये.

पहिल्यांदा पट्टा काढताना मात्र सांभाळा. दाब एकदम गेला की रक्तदाब उतरून घेरी येते. बाथरूममध्ये अशा दोघींना मी स्वतः सावरले आहे. आधी काही खाऊन-पिऊन घ्यावे, पलंगावर बसून हळूहळू हुक सोडावेत, लगेच उठू नये, पाणी कोमट असावे आणि घरातले कोणीतरी दाराशी असावे. (नवऱ्याला सांगितलेच नसेल तर निदान आता सांगा.)

पहिले एक-दोन दिवस लालसर पाणी बरेच गळते. घाबरू नये. गादीवर प्लास्टिक आणि जुने टॉवेल घालावेत, गाडीच्या सीटवरही. पट्टे दोन असावेत, एक अंगावर, एक वाळत. सौम्य साबणाने हाताने धुवावा, ड्रायरमध्ये टाकू नये, नाहीतर त्याची ताण जाते. सूज उतरल्यावर लहान साइज लागते, पण ती कधी हे सर्जनने सांगावे.

आता पैशाचे. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या लायपोसक्शनचा खर्च इथला विमा देत नाही, पट्ट्याचाही नाही. पहिला पट्टा सर्जनच्या फीमध्ये धरला आहे का, हे आधी विचारावे. १९९१ पासून अशा शस्त्रक्रियेचा खर्च आयकरात वैद्यकीय वजावट म्हणून धरता येत नाही आणि तोच नियम एफएसए आणि एचएसएला लागू होतो. एचएसएमधून पैसे भरले आणि वय ६५ च्या आत असेल तर त्यावर कर आणि वर २० टक्के दंड. जानेवारी २०२४ पासून मेडिकेअर दाबाच्या कपड्यांचे पैसे देते असे कोणी सांगेल. ते खरे आहे, पण लिम्फेडेमा या आजारासाठी.

खर्च वाचतो म्हणून तीन आठवड्यांच्या सुट्टीत मुंबई-पुण्याला हे उरकून येणारेही आहेत. त्यांनी परतीचे तिकीट काढण्यापूर्वी विमानप्रवास कधी करता येईल हे तिथल्या सर्जनला विचारावे. इतके तास बसून राहणे हे गुठळीला दुसरे निमित्त. विमानात अधूनमधून उठून चालावे, पाणी प्यावे. पायातले दाबाचे मोजे आणि पोटाचा पट्टा एकमेकांच्या जागी चालत नाहीत. शस्त्रक्रियेचे कागदही बरोबर आणावेत. इथे आल्यावर ताप आला किंवा दुखणे वाढले तर इथल्या डॉक्टरला काय केले ते कळायला हवे.

त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी सर्जनला फोन केला. त्यांनी तपासून मूळचाच पट्टा घालायला सांगितला. लहान पट्टा परत करायची मुदत तोवर संपली होती आणि डाव्या कुशीवरची वळीची खूण अजून पुरती गेलेली नाही.