पूल कमजोर झाला, की नुसतं ऊन तापलं?

वडीगोद्रीहून बीडकडे निघालं की शहागडला गोदावरीचा पूल लागतो. पुलावर उभे असताना शेजारून उसाचा भरलेला ट्रक गेला, तर पायाखाली थरथर जाणवते. घाबरू नका, प्रत्येक पूल हलतो. बघायचं असतं ते हे, की तो सेकंदाला किती वेळा हलतो.

हा आकडा म्हणजे नैसर्गिक वारंवारता. ताठरतेला वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढा, त्या प्रमाणात ती बदलते. तडा गेला की ताठरता घटते, वस्तुमान तेवढंच राहतं, म्हणून वारंवारता उतरते. पण ते वर्गमूळ फार त्रास देतं! ताठरता 10 टक्के गेली, तरी वारंवारता जेमतेम 5 टक्के उतरते.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. पुराचं पाणी खांबाच्या पायाजवळची माती उकरून नेऊ शकतं आणि वरून काहीच दिसत नाही. जपानी रेल्वेत यासाठी खांबाच्या माथ्याजवळ साधारण 30 किलोचं वजन आपटून वारंवारता मोजतात नि जुन्या नोंदीशी ताडून बघतात. जुनी नोंदच नसेल तर मात्र ताडणार कशाशी?

आता माझी फजिती. गच्चीवर रबराच्या ठोकळ्यांवर ठेवलेल्या काँक्रीटच्या तुळईची वारंवारता एका दुपारी उतरलेली दिसली. ‘तडा सापडला’ म्हणून मी खूश! संध्याकाळी ती आपोआप वर आली. रबर उन्हाने मऊ पडलं होतं, बस्स.

स्वित्झर्लंडमधल्या झेड-24 पुलाने हेच मोठ्या प्रमाणावर दाखवलं. तो पाडायचाच होता, म्हणून 1997-98 मध्ये आधी जवळपास वर्षभर मोजला, मग मुद्दाम इजा केली. इजा करण्याआधीच वारंवारता 14 ते 18 टक्क्यांनी वरखाली झाली होती, मुख्यतः थंडीत डांबर कडक झाल्यामुळे. आपल्याकडे डांबर गोठत नाही, पण डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत फरक काय कमी असतो?

म्हणून आता कंपनाबरोबर तापमानही नोंदवतोय. शिवाय एकाच वारंवारतेवर विसंबत नाही. साध्या तुळईच्या मधोमध तडा गेला, तर पहिली वारंवारता चांगली उतरते, दुसरी जवळजवळ हलत नाही, कारण दुसऱ्या प्रकारच्या कंपनात मध्यभाग वाकतच नाही. ऊन मात्र सहसा दोन्हींना खाली ओढतं. त्या दुपारची नोंद पुन्हा उघडली, तर दोन्ही उतरलेल्या होत्या.