नवा लेसर की जुना?
मुकुटबनहून मूतखड्याचा रुग्ण नागपूरला गेला की ‘थुलियम लेसरच करा’ असा आग्रह कानी पडतो. त्याला आधार आहे. थुलियम फायबर या नव्या लेसरचे १९४० नॅनोमीटरचे किरण पाण्यात जुन्या होल्मियम लेसरच्या सुमारे चौपट शोषले जातात. त्यामुळे खड्याची बारीक भुकटी होते; शिवाय खडा मागेही कमी सरकतो. नॉर्वेतल्या १२० रुग्णांच्या चाचणीत (२०२२) थुलियमने मूत्रपिंडातले खडे ८६ टक्के रुग्णांत साफ झाले, होल्मियमने ४९ टक्क्यांतच. मग वाद मिटला? नाही. त्याच चाचणीत मूत्रवाहिनीतले खडे दोन्हींनी शंभर टक्के निघाले (जाहिरातीत हे सहसा नसते!), आणि पल्स सुधारलेल्या होल्मियमशी २०२३ मध्ये झालेल्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही. तेव्हा खडा वाहिनीत अडकला असेल, तर निव्वळ नव्या यंत्रापायी जादा बिल भरण्याचे कारण नाही.