वयोगट आणि स्वयंसेवा : यवत येथील पालखी मुक्कामाच्या निमित्ताने काही विचार

प्रस्तावना :

पुणे-सोलापूर महामार्गावरील यवत (ता. दौंड, जि. पुणे) हे गाव संत तुकाराम महाराजांच्या पालखी सोहळ्यातील मुक्कामाचे ठिकाण म्हणून परिचित आहे. देहूहून प्रस्थान ठेवलेली पालखी आकुर्डी, पुणे व लोणी काळभोर येथील मुक्कामांनंतर यवतला येते व श्री काळभैरवनाथ मंदिरात विसावते. त्या रात्री वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचे जेवण देण्याची गावाची परंपरा आहे. पिठले मंदिराच्या परिसरात मोठमोठ्या कढयांत शिजते. भाकरी मात्र घरोघरी थापल्या जातात आणि टोपल्यांतून मंदिराकडे येतात.

या भाकरींची मोजदाद समाजशास्त्राच्या कोणत्या रकान्यात करावयाची, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. तथापि राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणून काम करीत असताना प्रस्तुत लेखकाला त्याचा प्रत्यय आला. परिसरातील एका गावी विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेत असता ‘आपण स्वयंसेवी कार्यात सहभाग घेता काय ?’ या प्रश्नावर एका वृद्ध बाईंनी उत्तर दिले, “न्हाई गं पोरी, आम्ही कुठलं स्वयंसेवक ? पालखीच्या भाकरी तेवढ्या देतो.” विद्यार्थिनीने ‘नाही’ या पर्यायावर खूण केली. त्या प्रश्नावलीवर सही माझीच होती.

संकल्पनेची व्याप्ती :

‘स्वयंसेवक’ हा शब्द आपल्याकडे प्रामुख्याने संघटना, गणवेश, ओळखपत्र व नोंदणी यांच्याशी जोडला गेला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये स्वयंसेवी कार्याच्या मोजमापाविषयी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिची भूमिका याहून व्यापक आहे. मोबदला न घेता, सक्ती नसताना, स्वतःच्या कुटुंबाबाहेरील व्यक्तींसाठी केलेले काम म्हणजे स्वयंसेवा. मग ते संस्थेमार्फत केलेले असो वा थेट. २०१३ मधील श्रमसांख्यिकी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही हीच दिशा स्वीकारली. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवा कार्यक्रमाचा २०२२ चा अहवाल तर असे दर्शवितो की, जगातील पंधरा वर्षांवरील लोकसंख्येपैकी संस्थेमार्फत दरमहा स्वयंसेवा करणारे सुमारे ६.५ टक्के, तर अनौपचारिकरीत्या करणारे सुमारे १४.३ टक्के आहेत. म्हणजे गणवेशातील स्वयंसेवकांच्या दुपटीहून अधिक माणसे गणवेशाविना राबत असतात.

मराठी ग्रामजीवनाला हे नवे नाही. इर्जिक, सावड, श्रमदान, अन्नदान, सेवा हे शब्द आपल्याकडे पूर्वापार रुळलेले आहेत. अर्थात ते समानार्थी नव्हेत. सावडीत परतफेडीचा हिशेब असतो, आज माझ्या शेतात तर उद्या तुझ्या. म्हणून काटेकोर अर्थाने ती स्वयंसेवा ठरत नाही. पालखीच्या भाकरीत मात्र जेवणारा अनोळखी असतो, दुसऱ्या दिवशी तो वरवंडच्या वाटेला लागतो आणि त्याच्याकडून परतफेडीची अपेक्षाही नसते. व्याख्येच्या कसोटीवर ती सावडीपेक्षा अधिक शुद्ध स्वयंसेवा होय. (तीत पुण्याची अपेक्षा असते, असा आक्षेप घेतला जातो. पण प्रमाणपत्राची अपेक्षा चालत असेल तर पुण्याची का चालू नये ?)

वय आणि प्रेरणा :

स्वयंसेवेमागील प्रेरणांचा अभ्यास करताना ई. गिल क्लॅरी व मार्क स्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये सहा प्रकारची कार्ये मांडली : मूल्यांची अभिव्यक्ती, नवे शिकणे, व्यावसायिक उपयोग, आप्तेष्टांशी नाते, मनावरील ओझे हलके करणे आणि आत्मविकास. मॉरिस ओकन व एमी शुल्झ यांनी २००३ मध्ये या प्रेरणांचा वयाशी संबंध तपासला. वय वाढते तसे व्यावसायिक उपयोग व शिकण्याची प्रेरणा ओसरते आणि सामाजिक नात्यांची प्रेरणा वाढते, असे त्यांना आढळले. हे निष्कर्ष अमेरिकेतील आहेत; ते जसेच्या तसे दौंड तालुक्याला लावता येणार नाहीत. तरीही त्यांतून एक उपयुक्त सूचना मिळते. विसाव्या वर्षीचा तरुण व साठीतील स्त्री एकाच रात्री एकाच मंदिराच्या आवारात राबत असली तरी दोघांच्या राबण्याचा अर्थ एक नसतो. म्हणून दोघांना एकच प्रश्न विचारून एकच उत्तर मिळेल, ही अपेक्षा चुकीची आहे.

एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मध्यमवयाचे मुख्य कार्य म्हणून पुढील पिढीच्या जोपासनेची कल्पना मांडली होती. पुढील पिढीच्या हाती भाकरीचे पीठ देणे हा तिचाच एक आविष्कार मानता येईल. पाण्याचे पेले घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहणारे मूल, वाढप्याच्या पंक्तीत शिरणारा तरुण, चुलीपुढे बसणारी गृहिणी आणि कोणत्या दिंडीला काय लागते हे तोंडपाठ असलेला वृद्ध, अशी कामाची वाटणी कोणी बैठक घेऊन ठरवीत नाही. वय वाढेल तशी माणसे एका कामातून दुसऱ्या कामात सरकतात. नोंदणीकृत संस्थांना नेमके हेच सातत्य साधणे कठीण जाते. तेथे तरुण येतो, दोन वर्षे राहतो व पदवी घेऊन निघून जातो.

२०२० व २०२१ या दोन वर्षांत करोनामुळे पायी वारी झाली नाही; पादुका बसने पंढरपूरला गेल्या. पहिली पायी वारी २०२२ मध्ये झाली. दोन वर्षांच्या खंडानंतरही मुक्काम व जेवण पूर्ववत सुरू होऊ शकले, याचे कारण या कामाचे ज्ञान कोण्या कार्यालयातील नस्तीत नव्हते, ते घराघरांत होते.

मोजमापाचा प्रश्न :

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण केले. सुमारे १ लाख ३९ हजार कुटुंबांतील सहा वर्षांवरील ४ लाख ४७ हजारांहून अधिक व्यक्तींची चोवीस तासांची दिनचर्या त्यात नोंदविली गेली. विनामोबदला स्वयंसेवा, प्रशिक्षणार्थी म्हणून केलेले काम व तत्सम कामे यांत त्या दिवशी सहभागी असणाऱ्यांचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास होते व पुरुषांचे प्रमाण स्त्रियांहून थोडे अधिक होते. सर्वेक्षणाची पद्धत निर्दोष असूनही ग्रामीण स्वयंसेवेचे चित्र त्यात अपुरे उमटते. एक तर पालखी वर्षातून एकच रात्र येते. यादृच्छिकपणे निवडलेल्या दिवशी ती सापडणे दुर्मीळ. दुसरे असे की, स्वतःच्या चुलीवर थापलेली भाकरी ‘घरगुती स्वयंपाक’ या सदरात जाण्याचा संभव अधिक. स्त्रीचा सहभाग कमी दिसतो तो ती कमी करते म्हणून, की तिचे काम दुसऱ्या रकान्यात जाते म्हणून, हे त्या आकड्यावरून ठरविता येत नाही.

महाविद्यालयांपुढील प्रश्न :

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांसह सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास व सात दिवसांचे विशेष शिबिर ही तिची चौकट आपणा सर्वांस ठाऊक आहे. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर समाजसंपर्क कार्यास अभ्यासक्रमात श्रेयांकही मिळू लागले आहेत. हेतू स्तुत्य आहे, परंतु सावधगिरी हवी. आर्थर स्टुकास, स्नायडर व क्लॅरी यांनी १९९९ मध्ये सक्तीच्या स्वयंसेवेचा अभ्यास केला. ज्यांना आपल्यावर नियंत्रण लादले गेल्याची भावना झाली, त्यांची पुढे स्वेच्छेने काम करण्याची तयारी कमी झाल्याचे त्यांना दिसले. काम निवडण्याची थोडी मोकळीक मिळाली की हा दुष्परिणाम सौम्य होतो, असेही त्यांना आढळले.

या पार्श्वभूमीवर यवतसारख्या गावाशी संबंधित महाविद्यालयाने काय करावे ? शिबिरासाठी दत्तक गाव निवडून तेथे विद्यार्थ्यांना ‘सेवा’ शिकविण्यास नेणे, ही आपली रूढ रीत. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या अन्नदान चालते, तेथे विद्यार्थी शिकविणारा नव्हे तर शिकणारा असावयास हवा. त्याने आपल्याच घरातील आजीकडे बसून पालखीच्या कामाची माहिती टिपून घ्यावी : पीठ कोणाकडून येते, कोण कोणाला बोलावते, पूर्वी काय होते, काय बदलले, कोणत्या घरांना या कामात स्थान मिळते आणि कोणत्या घरांना मिळत नाही. हा शेवटचा प्रश्न टाळू नये. अनौपचारिक सेवेची वर्तुळे जशी जोडणारी असतात तशी वगळणारीही असू शकतात, आणि केवळ गौरवाने ते उघड होणार नाही.

प्रश्नावलीतही बदल आवश्यक आहे. ‘आपण स्वयंसेवी कार्यात सहभाग घेता काय ?’ असे न विचारता ‘गेल्या वर्षभरात घराबाहेरच्या कोणासाठी मोबदला न घेता काय काय केले ?’ असे विचारावे, आणि उत्तर उत्तरदात्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. वर उल्लेखिलेली प्रश्नावली मी पुढे अशीच बदलली. पहिल्या पानावरील ‘होय / नाही’ हे दोन चौकोन काढून तेथे पाच रिकाम्या ओळी ठेवल्या.