अभिलेख-एकत्रीकरण, सारणीतील
एकाच व्यक्तीसंबंधी अनेक ओळींत विखुरलेली आधारसामग्री एकाच ओळीत आणून मांडण्याची प्रक्रिया. कचेरीतील वेतनपत्रक हे तिचे परिचित उदाहरण होय. मूळ वेतन, घरभाडे भत्ता, प्राप्तिकराची कपात अशी प्रत्येक बाब संगणकात स्वतंत्र अभिलेख म्हणून नोंदली जाते आणि त्यामुळे एकाच कर्मचाऱ्याचा क्रमांक ओळीमागून ओळ पुन्हा येत राहतो. ही उभी मांडणी नोंदीस सोयीची असते. वाचणाऱ्याला मात्र प्रत्येक कर्मचाऱ्यामागे एक ओळ व प्रत्येक बाबीस एक स्तंभ अशी आडवी मांडणी हवी असते.

रूपांतरासाठी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : ओळ कोणाची हे सांगणारा ओळख-स्तंभ, ज्यातील मूल्ये नव्या स्तंभांची शीर्षके होतील तो स्तंभ आणि चौकटींत भरावयाच्या रकमांचा स्तंभ. एसक्यूएल या पृच्छाभाषेत ओळख-क्रमांकानुसार गट पाडून प्रत्येक शीर्षकासाठी सशर्त बेरीज किंवा कमाल मूल्य काढतात. कोष्टकांच्या आज्ञावलींत हेच काम ‘पिव्हट’ सारणीने होते.

एका चौकटीत एकच मूल्य मावते. खरी अडचण येथेच उद्भवते. समजा, एका कर्मचाऱ्यास महिन्याच्या मध्यावर बढती मिळाली व मूळ वेतनाच्या १२,००० आणि १६,००० रुपये अशा दोन नोंदी झाल्या. येथे बेरीज केल्यास २८,००० ही योग्य रक्कम येते. कमाल मूल्य घेतल्यास १२,००० रुपये कोणतीही सूचना न मिळता गळून पडतात. उलटपक्षी, एकच नोंद चुकून दोनदा झाली असेल, तर बेरजेने वेतन दुप्पट होते. कोणता नियम लावावा हे यंत्रास कळत नाही. ते नोंदीच्या अर्थावरून ठरते. म्हणून रूपांतरापूर्वी ओळख-क्रमांक व बाब यांची जोडी कोठे पुन्हा आली आहे, ते तपासणे इष्ट असते. झालेली बेरीज मागे फिरवता येत नाही : २८,००० वरून मूळच्या दोन रकमा मिळत नसल्याने उभे अभिलेख जपून ठेवावे लागतात. रिकाम्या चौकटीचाही अर्थ संदिग्ध असतो. भत्ता देय नाही, नोंद यावयाची आहे की रक्कम शून्य आहे, हे तिच्यावरून समजत नाही. तेथे सरसकट शून्य भरल्यास सरासरी बदलते.

ज्या बाबींची संख्या आधी ठरलेली नसते, त्यांना आडवी मांडणी मानवत नाही. ‘अपत्य १’, ‘अपत्य २’ असे स्तंभ आखण्याची प्रथा जुनी असली, तरी ती सोयीपेक्षा अडचणच अधिक करते. तीन स्तंभ आखले की चौथ्या अपत्यास जागा उरत नाही आणि एखाद्या वर्षी जन्मलेले अपत्य शोधण्यास सर्व स्तंभ चाळावे लागतात. आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर फ्रँक कॉड यांनी १९७० साली संबंधात्मक प्रतिमान मांडताना कर्मचाऱ्याचाच दाखला घेतला होता. नोकरीचा इतिहास, वेतनाचा इतिहास व अपत्ये हे पुनरावृत्त गट मुख्य अभिलेखातून काढून त्यांनी वेगळ्या सारण्यांत ठेवले आणि कर्मचारी-क्रमांकाने त्या सारण्या मुख्य अभिलेखाशी जोडल्या. साठवणुकीसाठी हीच पद्धत सर्वमान्य झाली. आडवी सारणी अहवालापुरती तयार करावी, हे बरे.

हे सारे ओळख-स्तंभ निर्दोष असेल तरच साधते. नाव हा ओळख-स्तंभ मानल्यास समान नावाच्या दोन व्यक्ती एका ओळीत मिसळतात, तर लेखनभेदामुळे एकाच व्यक्तीच्या दोन ओळी होतात. भारतातील कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीत नोकरी बदलली की नवा सदस्य-क्रमांक मिळत असे व एकाच कामगाराची खाती विखुरली जात. त्यावर उपाय म्हणून २०१४ साली बारा अंकी सार्वत्रिक खाते क्रमांक सुरू झाला. निरनिराळ्या मालकांकडील सदस्य-क्रमांक त्याच्याशी जोडले जातात. मात्र ही जोडणी आणि जुन्या खात्यातील शिलकेचे हस्तांतरण या दोन वेगळ्या क्रिया होत.